काहिलीतली जागा

मी गुळव्या आहे. हिवाळ्यात दत्तराव देशमुखांच्या गुऱ्हाळावर काहिलीपुढं उभं राहून रस आटवायचा आणि गूळ पाडायचा, हे माझं काम. पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की तीच काहील पाण्यात ढकलून अडकलेली माणसं अलीकडं आणायची, हेही माझ्याच गळ्यात. आमच्या गावात होडी नाही आणि होडीवालेही नाहीत. पुराच्या वेळी लोकांना एवढंच आठवतं की काहील मुंजाजीच्या ताब्यात असते आणि मुंजाजीला पोहता येतं. बापानं मला पोहायला शिकवलं नसतं तर माझं आयुष्य बरं गेलं असतं, असं आता वाटतं.

ही काहील लोखंडाची, चार-साडेचार हात रुंद, ताटासारखी पसरट. तिला पुढची बाजू नाही की मागची नाही. पाण्यात पडली की गरागरा फिरते आणि आतल्या माणसानं नुसती कूस बदलली तरी कलते. संथ पाण्यात पाच-सहा जण खुशाल बसतात. पुरात मात्र वल्हं मारणाऱ्याखेरीज दोन मोठी माणसं, आणि फार तर त्यांच्या मांडीवर लेकरं. हा नियम माझ्या आजाचा. तो मोडून एकदा तिघं बुडाली होती, म्हणून मी तो कधी मोडला नाही. नियम असला की बरं असतं. माणसाला विचार करावा लागत नाही.

रझाकारी संपून सात वर्षं झाली होती. भाद्रपदात गौरी गेल्या आणि वरच्या अंगाला पावसानं जोर धरला. आमच्याकडं तीन दिवस नुसतंच आभाळ होतं. चौथ्या दिवशी सकाळी पूर्णा फुगून ओढ्यात शिरली. नदी आणि ओढा यांच्यामधे दत्तरावांचं रान आहे. रब्बीच्या ज्वारीसाठी ते पावसाळाभर मोकळं ठेवतात आणि खत पडावं म्हणून तिथं मेंढ्या बसवतात. त्या वर्षी येडबा धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. रानाच्या मधोमध एक टेकाड आहे, त्यावर एक म्हातारी बाभळ होती. येडबाचं बिऱ्हाड त्या बाभळीखाली होतं.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा ते टेकाड बारा खाटा मावतील एवढंच उरलं होतं, आणि त्यातली दहा खाटांची जागा मेंढ्यांनी व्यापली होती. साठ मेंढ्या आणि त्यांचा म्होरक्या, एक काळा बोकड. कळपाच्या पुढं तो चालायचा. उरलेल्या जागेत येडबा, त्याची बायको अंबाबाई, आई कोंडाबाई, सहा वर्षांची मुलगी कडू आणि अंबाबाईच्या पाठुंगळीला तान्हं पोर. शिवाय दत्तरावांचा सालगडी लिंबाजी. तो आदल्या दिवशी रान बघायला गेला होता, पायात काटा मोडून पाय सुजला, म्हणून तिथंच राहिला होता.

चार मोठी माणसं, दोन लहान. म्हणजे दोन खेपा. तिसरी खेप मिळणार नव्हती, हे काठावरच्या सगळ्यांना कळत होतं. कारण काहील सरळ जात नाही. वरच्या अंगाला पाण्यात घालायची, वाहत वाहत टेकाडाला लावायची, माणसं घ्यायची आणि पुन्हा वाहत वाहत खाली मारुतीच्या देवळापाशी काठ धरायचा. मग आठ गड्यांनी ती पालथी डोक्यावर घ्यायची आणि गुडघाभर चिखलातून परत वर आणायची. एका खेपेला दीड तास. पाणी दर घटकेला वीतभर चढत होतं. दोन खेपा आणि दोन खेपांपुरतीच माणसं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? कुणाला मागं ठेवायचं हा प्रश्न माझ्यावर येणार नव्हता.

दत्तराव छत्री घेऊन काठावर उभे होते. म्हणाले, "मुंजाजी, लिंबाजीला आधी आण बरं का. त्याचा पाय निकामी झालाय."

पाय निकामी झाला होता हे खरं. लिंबाजी त्यांचा सालगडी होता आणि काहील त्यांची होती, हेही खरं. त्यातलं कोणतं खरं त्यांच्या मनात आधी आलं, ते मला विचारू नका. मी मान डोलावली.

पहिल्या खेपेला टेकाडाला लागलो तर कोंडाबाई त्या बोकडाची शिंगं धरून पाण्याच्या कडेला उभी. म्हणाली, "ह्याला घे." मला वाटलं, भीतीनं म्हातारीचं डोकं फिरलं. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. अंबाबाईला बसवलं, तान्हं तिच्या मांडीवर दिलं, लिंबाजीला ओढून घेतलं. कडू आली ती पोटाशी एक कोकरू धरूनच. मी ते तिच्या हातातून काढलं आणि मागं सोडलं.

"माणसं आधी," मी म्हणालो.

पोरगी रडली नाही. नुसती बघत राहिली. अलीकडं येईपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही, आणि मी मनात म्हणत होतो, बघ बाई, मोठी झालीस की कळेल तुला.

दुसऱ्या खेपेला उशीर झाला. काहील वर आणताना एक गडी घसरला, ती खाली आपटली, पुन्हा उचलायला वेळ गेला. मी टेकाडाला लागलो तेव्हा टेकाड असं उरलंच नव्हतं. मेंढ्या पोटाएवढ्या पाण्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. येडबा लगेच काहिलीत चढला आणि दोन्ही हातांनी काठ धरून बसला. कोंडाबाई चढेना.

"मुंजा, माझं आईक," ती म्हणाली. आवाज अगदी थंड होता. डोकं फिरलेल्या बाईचा तो आवाज नव्हता, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. "म्होरक्याला काहिलीत घे. त्यो पुढं चालला दिसला की समद्या त्याच्या मागं पान्यात पडत्यात. श्रावनातच कातरल्यात, अंगाला लोकर न्हाई, तरतील. आमी दुधना नदीला अशाच उतरिवतो."

"आन् तुमी?"

"मी ऱ्हाते. बाभळीवर चढते. जमलं तर ये माघारी."

"तिसरी खेप न्हाई व्हायची, मावशी."

"न्हाई तर न्हाई."

मी चिडलो. दमलो होतो, हात भरून आले होते, काहील दर क्षणाला पायाखालून निसटत होती आणि ही बाई मला बोकडाचं सांगत होती. "मेंढरासाठी माणूस सोडून येऊ का? गाव माझ्या तोंडात शेण घालंल!"

"गावाचं काय जातंय? तुला साठ मेंढ्या दिसायल्यात. मला ह्या लेकरांची तोंडं दिसायल्यात. मेंढ्या गेल्यावर ही खातील काय? ह्याला नांगर धरता येत न्हाई. मी म्हातारी. उद्या मरायची ती आज मरंन. आरं, मी तरी बोकडाएवढीच भरंन की! जागा तेवढीच लागती."

मी येडबाकडं पाहिलं. तो खाली बघत होता. तो गप्प आहे म्हणजे त्याला माझंच पटतंय, असा अर्थ मी काढला.

मग मी तिला उचललं. सरळ काखेत हात घालून उचललं आणि काहिलीत ठेवलं. ती बोकडापेक्षा हलकी निघाली. तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला, हातपाय झाडले, काहील कलली आणि पाणी आत आलं. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "हालशील तर तुझं पोरगं बुडंल! बुडवायचंय का त्याला?" ती एकदम गप्प झाली. आईला कशानं गप्प करता येतं ते मला माहीत होतं, आणि मी ते वापरलं.

काहील सुटली. बोकड कळपाच्या कडेला उभा राहून आमच्याकडं बघत होता. त्यानं दोन पावलं खोल पाण्याकडं टाकली, मागं घेतली, पुन्हा टाकली. कोंडाबाई त्याला हाका मारत होती. धनगर हाळी देतात तशी लांब, घशातून काढलेली हाळी. काठाला लागेपर्यंत तिची हाळी थांबली नाही, पण बोकड काही धारेत पडला नाही. आणि तो पडला नाही म्हणून एकही मेंढी पडली नाही.

अलीकडं बायका धावत आल्या, अंबाबाईनं सासूला मिठी मारली. कोंडाबाई पाण्याकडं तोंड करून बसली. तासाभरानं ती बाभळ मुळासकट गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे कोंडाबाई तिथं राहिली असती तर मेली असती. याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. रात्री झोप नाही आली की मी ती बाभळ आठवतो. मेंढ्या कधी गेल्या ते मी पाहिलं नाही. ओरडणं थांबलं तेव्हा कळलं.

पाणी उतरल्यावर गावानं पारावर माझा सत्कार केला. नारळ दिला, फेटा बांधला. दत्तराव बोलले की जनावरं पुन्हा होतील, गेलेला माणूस पुन्हा होत नाही, मुंजाजीनं माणुसकी राखली. लोकांनी माना डोलावल्या. कोंडाबाई मागं बायकांत बसली होती. सगळं झाल्यावर ती उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही पाया पडेल, म्हणून मी मागं सरलो.

"तू लय भला मानूस हायस," ती म्हणाली. "तुझ्या भलेपनानं आमचं घर बुडालं."

बायकांनी तिला बाजूला नेलं. म्हातारीच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको, असं सगळे म्हणाले. मी म्हणालो, कशाला घेतो? आणि घेतलं.

ती म्हणाली तसंच झालं. येडबाला मेंढ्यांखेरीज काही येत नव्हतं. दत्तरावांनी त्याला औतावर ठेवलं, पण वखराच्या पाळ्या वाकड्या जायला लागल्या तेव्हा महिन्याभरात काढलं. कुणी हसलं, कुणी हळहळलं. मग तो बायकोला घेऊन बोरीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात कडू गेली. चार दिवसांचा ताप, बस. ज्या पोरीला रोज मेंढीचं दूध मिळायचं ती दीड वर्ष कण्यांच्या पातळ घाट्यावर होती. तापाला काही फार कष्ट पडले नसतील.

ही बातमी ऐकली त्या दिवसापासून मी लोकांना विचारायला लागलो. बोरीच्या बाजारात धनगर दिसला की त्याच्याजवळ बसायचं, तंबाखू द्यायची आणि विचारायचं: पुरात म्होरक्याला पुढं घेतलं तर मेंढ्या मागं येतात का? एक म्हणाला, येतात की, आम्ही गोदावरी उतरतो. दुसरा म्हणाला, एवढ्या पाण्यात? दोन-चार आल्या असत्या. राणीसावरगावचा एक म्हातारा म्हणाला, ते म्होरक्यावर असतं, प्रत्येकाचं वेगळं. मी त्याला बोकडाचं वर्णन सांगायला लागलो, काळा, डाव्या शिंगाला चीर, तर तो उठूनच गेला. त्याला वाटलं असेल मला वेड लागलंय.

माझी बायको कस्तुराबाई म्हणायची, "आनखी किती जनांना इचारनार? पानी कवाच वाहून गेलं."

खरं होतं. पण दोन खेपांतली एक जागा माझ्या मनात रिकामी राहून गेली होती. रोज मी तिथं कुणाला तरी बसवायचो. कोंडाबाईला उतरवायचो, बोकडाला घ्यायचो. लिंबाजीला मागं ठेवायचो. लिंबाजी नंतर दोन वर्षांनी साप चावून मेला, तेव्हा माझ्या मनात आलं, मरायचंच होतं तर आधीच... असले विचार येणारा माणूस आणि गावानं फेटा बांधलेला माणूस एकच होता. मला त्या फेट्याचा वीट आला होता. पूर आला की अजूनही लोक मलाच बोलवायचे आणि मी जायचो. गुळाच्या पहिल्या खड्याची चवसुद्धा मला लागेनाशी झाली होती, आणि ही गोष्ट गुळव्याला कुणाला सांगताही येत नाही.

मग येलदरीला धरणाचं काम निघालं. येडबाचं बिऱ्हाड मातीकामावर गेलंय, असं कळलं. पुराला चार वर्षं झाली होती. मी गुळाची एक ढेप धोतराच्या धडप्यात बांधली आणि गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. निदान ज्या बाईला खरं माहीत आहे तिलाच विचारावं, एवढंच.

पालांच्या रांगेत कोंडाबाई सापडली. दुपार होती. ती पालापुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती आणि शेजारी ते तान्हं, आता साडेचार वर्षांचं झालेलं पोर, मातीत बसून खेळत होतं. तिनं मला ओळखलं. ना शिवी दिली, ना या म्हणाली. हातानंच बसायला खुणावलं. मी ढेप ठेवली. तिनं तिच्याकडं पाहिलं नाही.

मी तांब्याभर पाणी प्यालो. मग विचारलं.

"मावशी, त्या दिवशी बोकड काहिलीत घेतला असता तर... मेंढ्या आल्या असत्या का खरंच?"

तिनं भाकरी उलटली. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला तिची नजर सोसवेना, पण मी डोळे खाली घातले नाहीत. एवढा लांब त्यासाठीच आलो होतो.

"किती दिसांपासून असं?" तिनं विचारलं.

"कडू गेली तवापासून. त्याच्या आदीपासूनबी."

"झोप?"

"लागत न्हाई."

"जेवन?"

मी नुसती मान हलवली. ती पुन्हा चुलीकडं वळली, लाकूड आत सारलं, फुंकर घातली. धुरानं की कशानं, तिनं पदरानं डोळे पुसले.

"न्हाई आल्या असत्या," ती म्हणाली. "पानी लय व्हतं. मलाच तवा समजलं न्हाई. दुधनेचं पानी येगळं आन् ते येगळं. समद्या बुडाल्या असत्या, बोकडबी गेला असता, आन् वर मीबी गेले असते. तू केलंस ते बराबर केलंस, लेकरा. घे, भाकर खा."

तिनं मला लेकरा म्हटलं. मी साठीला टेकलेला माणूस, तिच्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी लहान. पण मी त्या चुलीपुढं बसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. मजूर बायका वळून बघायला लागल्या. कोंडाबाईनं त्यांना हात करून पुढं जायला सांगितलं. मग मी भाकरी खाल्ली. भाकरी आणि लाल तिखट. दोन खाल्ल्या. कित्येक दिवसांनी पोटात अन्न पडल्यासारखं वाटलं. तिनं ढेपेचा एक तुकडा फोडून नातवाच्या हातात दिला, आणि ते पोर खाताना मी बघत राहिलो.

संध्याकाळी येडबा कामावरून आला. केसांत, भुवयांत सगळी माती. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाला. माझा पाय हलका पडत होता. मी त्याच्याशी कधी नव्हे तेवढं बोललो. गावातलं, गुऱ्हाळातलं, काहीबाही. रस्ता दिसायला लागला तेव्हा म्हणालो, "येडबा, तुझ्या आईनं आज माझ्या उरावरचा धोंडा उतरवला. त्या पान्यात मेंढ्या आल्याच नसत्या, असं म्हनली."

येडबा थांबला.

"असं म्हनली?"

"व्हय. पानी लय व्हतं, म्हनली."

तो खाली बघत पायानं माती सारखी करत राहिला. मग म्हणाला, "मला तर रोज म्हनती, दादा. जेवायला बसलं की म्हनती. समद्या आल्या असत्या म्हून. एकूनएक."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. पालांच्या रांगेत चुली पेटल्या होत्या, त्यातली तिची कोणती ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी तिला न विचारता उचलून काहिलीत घातलं होतं. आज तिनं मला घातलं होतं, आणि तेही मला कळू न देता. मला तिच्याकडं परत जावंसं वाटलं आणि तोंड दाखवण्याची लाजही वाटली.

"तू सांग," मी शेवटी म्हणालो. "तुला काय वाटतं? आल्या असत्या का? माझी चूक झाली का?"

येडबानं मुंडासं सोडलं, झटकलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

"मला कशाला इचारता, दादा?" तो म्हणाला. "ती बोकडासाठी जागा मागत व्हती तवा मी तरी कुटं उतरलो काहिलीतून?"